उन्हातला रेनकोट

हॅझलकम, सॉमरसेट
२३ फेब्रुवारी

प्रिय ट्रेव्हर,

बरा असशील. रोज कुत्र्याला घेऊन तुझ्या दारावरून जाते, तू खिडकीतून हात करतोस, मीही करते, आणि सप्टेंबर महिना झालाच नाही असं आपण दोघं वागतो. समोर येऊन बोलायचं तर तू चहा टाकशील आणि मी भलतंच काहीतरी बोलून घरी येईन. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे नुसता चिखल आहे. कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्यात. नव्या पाद्रीबाईंना आपल्या घंटांचा आवाज मोठा वाटतो म्हणे, तेव्हा त्यांचं इथे कसं निभायचं देव जाणे. रसेल बरा आहे. म्हणजे जेवतो-खातो.

तुमच्या घंटांच्या वेडाबद्दल मी बोलू नये, दोराला मी कधी हात लावलेला नाही. पण इतकी वर्षं तुम्हा दोघांची बडबड ऐकून एवढं पाठ झालंय की आठ घंटा, आठ माणसं, सलग तीन तास, आणि मध्ये कुणी थांबायचं नाही. बदली माणूस चालत नाही. एकाने दोर सोडला की सगळ्यांची मेहनत पाण्यात. तुझ्या वेंडीला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तिच्यासाठी तो तीन तासांचा फेरा तू बांधलास, आणि कित्येक आठवडे त्याशिवाय दुसरा विषय तुझ्या तोंडात नव्हता. रसेलच्याही नव्हता.

सगळं गाव चर्चच्या अंगणात खुर्च्या टाकून ऐकत होतं. मी केक कापत होते. सगळ्यात जड घंटा रसेलची, आठ ठोक्यांच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा ठोका तिचा. तो ठोका येईनासा झाला. मग बाकीच्याही गप्प झाल्या. थोड्या वेळाने तू खाली आलास तो पांढराफटक पडून. सगळ्यांदेखत रसेलला विचारलंस, "अरे, झालं काय तुला? पंधरा मिनिटं राहिली होती! वेंडीसाठी पंधरा मिनिटं उभं राहवलं नाही?"

आणि माझा नवरा म्हणाला, "कंटाळा आला."

तू त्याच्या थोबाडीत मारली नाहीस हे तुझे उपकार. तेव्हापासून तुम्ही बोलत नाही, आणि त्याने मनोऱ्याची पायरी चढलेली नाही.

ट्रेव्हर, त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता. तरी रसेल माझा जांभळा रेनकोट कमरेला बांधून तुझ्यासमोर उभा होता. तुला काहीच कसं वाटलं नाही? तू रागात होतास, आणि बाकीचे केककडे बघत होते.

मी रसेलला वचन दिलं होतं की सांगणार नाही. आज ते मोडते.

दोनेक वर्षं झाली, रसेल रात्रभर उठतो. लघवीला जातो, येतो, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा जातो. तो घोरतो म्हणून मी मागच्या खोलीत झोपते असं मी सगळ्यांना सांगितलंय. बिचारा घोरत नाही. गाडीने कुठे जायचं तर आधी वाटेतले पेट्रोल पंप बघतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की, "वय झालं, गिल, यंत्र जुनं झालं," एवढंच. त्या दिवशी त्याने सकाळपासून घशाखाली थेंब जाऊ दिला नाही. चहासुद्धा नाही! शेवटी शेवटी त्याला घंटा ऐकूच येत नव्हत्या, सगळं लक्ष एकाच गोष्टीवर. मग त्याने घंटा तोंड वर करून नीट थांबवली, कुणाला इजा होऊ नये म्हणून, आणि पळाला.

तो गोल जिना तुला माहीत आहे. रसेल खालपर्यंत पोचला नाही. म्हणजे पोचला, पण कोरडा नाही.

मी चहाच्या टेबलामागे होते. "गिल, काहीतरी दे," एवढंच म्हणाला. मी रेनकोट दिला आणि मागच्या फाटकाने घरी जा म्हटलं. तर म्हणाला, "ट्रेव्हला तोंड न दाखवता कसा जाऊ?" तुला खरं सांगायलाच आला होता तो. तू विचारलंस तेव्हा गाव बघत होतं, आणि त्याच्या तोंडून ते निघालं. माणूस म्हणून वाईट ठरणं त्याला चाललं, ओला ठरणं नाही चाललं. असे मूर्ख आहात तुम्ही.

नोव्हेंबरमध्ये मी त्याला ओढतच नेलं. डॉक्टर म्हणाली, रात्रीचं उठणं प्रोस्टेट वाढल्यामुळे, या वयात कितीकांना होतं, गोळ्यांनी आराम पडेल. खात्रीसाठी रक्त तपासलं. मग स्कॅनचे फोटो, मग सुईने तुकडा काढून तपासला. वाढ साधीच निघाली, पण शेजारी दुसरं सापडलं. कॅन्सर. लहान आहे, बाहेर पसरलेला नाही, आणि त्याचा त्रास काहीच नव्हता. लघवीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेला नसता तर कळलंच नसतं. पाच मार्चला ऑपरेशन. नंतर काही महिने पॅड लावावे लागतील आणि जड घंटा ओढायची नाही. "चला, जिना उतरायची घाई संपली," म्हणाला, आणि मग बराच वेळ बाथरूमचं दार लावून बसला.

मला भीती वाटते, ट्रेव्हर. दिवसभर वाटते.

आता तुझं. शेवटच्या वसंतात वेंडी मला म्हणाली होती, "आमच्या ट्रेव्हने बाथरूमच्या वाटेवरचं कार्पेट झिजवलंय. डॉक्टरचं नाव काढलं की कुत्र्याला घेऊन बाहेर पळतो. मी गेल्यावर त्याच्या मागे लागशील ना गं?" मी हो म्हटलं. मग तू एकटा पडलास, आणि मला तो विषय काढवेना. पण नाताळच्या गाण्यांच्या वेळी भर रांगेतून "माफ करा, माफ करा" करत तू दोनदा बाहेर गेलास, ते मी पाहिलंय. बहुतेक काही नसेल. तरी तपासणीला रक्त देऊन ये. हे माझं नाही, तिचं सांगणं आहे.

आणि रविवारी प्रार्थनेआधी तुम्ही अर्धा तास वाजवता, त्याला बोलाव. ऑपरेशनआधी तोच एक रविवार उरलाय. अर्धा तास तो उभा राहू शकतो. हे पत्र आलं होतं असं मात्र दाखवू नकोस.

तुझी, आणि वेंडीचीही,
गिल

ता. क. तिकीट शोधायला वर गेले तेवढ्यात रसेलने टेबलावरचं हे सगळं वाचलं. मला वाटलं, आता फाडतो. त्याने चष्मा पुसला आणि पेन मागितलं. खालची ओळ त्याची आहे.

ट्रेव्ह, कंटाळा आला नव्हता.
रसेल