आजोबांवर लावलेले बटाटे

वायराकुंका, १२ ऑक्टोबर

चि. नेलिदा हिस आजीचे अ. आ.

तुझ्या संशोधन केंद्राचा माणूस येऊन गेला. स्वभावाने चांगला, पण पुरुष. बी निजतं त्या खोलीत पुरुष शिरला की बटाटा रुसतो, हे तुला मी सांगायचं? काठी घेऊन बाहेर काढला. प्यूमाच्या पंजासारखा तो काळा बटाटा आता आपल्याच घरात उरलाय, एक टोपली. तो तुमच्या बाटलीत कशाला घालू? मातीत न निजलेलं बी वाढायचं विसरतं.

बटाट्यावरचा करपा रोग मात्र डोंगर चढतोय. माझ्या सासूच्या वेळी तो नदीपाशीच थांबायचा. थंडी ओसरली तसे आपण वर सरकलो, तोही मागोमाग. आता वर नुसता दगड. मऊ माती उरली ती दफनभूमीत. म्हणून यंदा टोपली तुझ्या आजोबांवर लावणार. जन्मभर मक्याची दारू पिऊन आडवाच होता. आता आडव्यानेच काम करील.

माया आहे, सांगत बसत नाही.
गुमेर्सिंदा

लिमा, ३ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

पत्र वाचून हसले, मग जेवण गेलं नाही. आजी, यंदाचा पाऊस उबदार आहे. करपा दफनभूमीच्या फाटकाशी अडणार नाही. निम्मी टोपली तरी पाठव. इथे काचेच्या नळीत रोप निरोगी राहतं. आमच्याकडे शेकडो वाण आहेत, आपलाच नाही.

लोकरीचे मोजे धाडते आहे. गोठ्यातल्या लामाला घालू नकोस.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी नेलिदा

वायराकुंका, ९ मार्च

चि. नेलिदास अ. आ.

मोजे पोचले. उजवा घट्ट होतो.

सगळी टोपली लावली होती. जांभळी फुलं आली तेव्हा म्हातारी रोझेंदा बघून म्हणाली, तुझा नवरा मेल्यावर शोभला. मग धुकं आणि कोमट पाऊस. पानं उकडल्यासारखी काळी पडली. उकरलं तर हाताला चिखल लागला, वास सुटला. त्याच्या हाडांपर्यंत खणलं नाही, एवढी लाज राखली.

ओंजळभरसुद्धा निघाले नाहीत. निघाले ते कबुतराच्या अंड्याएवढे. खायला घेतले असते, पण कडू लागले असते.

गावात धड चालेल अशी बाई उरली नाही, म्हणून ट्रकवाल्या एलिसबानच्या हातात दिले. त्याने विचारलं, आई, आधी हात धुऊ का? म्हटलं, असू दे, रुसायला मागे बी राहिलेलं नाही.

तुझ्या बाटलीत घाल. उगवले तर कळव. नाही उगवले तर कळवू नकोस, मला वाट बघायचं तेवढं काम राहू दे.

जशी आहे तशी तुझी,
गुमेर्सिंदा