आंब्याच्या मुळांवरची फरशी

मी, धोंडीराम वाळू तिडके, वय ७६, द्राक्षबागायतदार, मूळ गाव दिंडोरी, हल्ली मुक्काम म्हसरूळ, नाशिक, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गेल्या दिवाळीत ते ठिकाणावर होतं का, याचा दाखला मात्र कोणी देणार नाही.

१. दिंडोरीची चार एकर बाग मुलगा हर्षल याला. छाटणीची कात्रीही त्यालाच. जावईबापूंनी ती दोनदा मागितली आहे. त्यांना देऊ नये, ते तिने नारळाच्या शेंड्या कापतात.

२. बँकेतली ठेव मुलगी उज्वला हिला.

३. म्हसरूळचं घर पत्नी बयाबाई हिला, तिच्यामागे हर्षलला. अट एकच: परसातल्या रायवळ आंब्याभोवतीची फरशी माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत फोडावी. कारण इथेच लिहितो, तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही.

हा आंबा बयाने लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेरच्या कोयीपासून लावला. आता तिचे गुडघे गेले, वॉकर घेऊन चालते. तिला सावलीत बसता यावं म्हणून दिवाळीत मी खोडापर्यंत फरशी घालायला काढली. मांडीएवढी तीन मुळं आडवी आली. लहानू गवंडी म्हणाला, "आण्णा, मुळं राहू द्या. फरशी जरा वर घेतो."

मी म्हणालो, "तू मला झाड शिकवतो का रे? द्राक्षाची मुळी तोडली की नवी पांढरी मुळी फुटते. मार कुऱ्हाड!"

बया दारातून ओरडली, "अहो, काय करताय हे!" मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं.

पौषात आंबा असा मोहरला की पान दिसेना. मी गल्लीभर पेढे वाटले. बयाने पेढ्याला हात लावला नाही. चैत्रात शेंड्याची पानं वाळायला लागली, तेव्हा उज्वलाने झाडांचे एक जाणकार आणले. ते झाडाभोवती फिरले, फरशीवर टाच आपटली आणि म्हणाले, "काका, हा बहर नव्हता. झाड मरायला टेकलंय, म्हणून जीव खाऊन मोहरलं."

मी होतो तिथेच, त्याच फरशीवर मटकन बसलो. अहो, पन्नास वर्षं मी पाणी तोडून, वेलींना ताण देऊन द्राक्षं काढली. ताण पडलेलं झाड कसं फुलतं हे मला बाहेरच्या माणसाने सांगावं? आणि मी पेढे वाटले हो, पेढे!

४. त्या जाणकारांनी सांगितलेलं हर्षलने पाळावं. मुळं वीत-दोन वीत खोलीवरच श्वास घेतात, फरशीने ती घुसमटतात. म्हणून फरशी हातानेच फोडावी, मशीन आणू नये. उघडं पडलेलं मूळ ओल्या गोणपाटाने झाकावं. फांद्यांच्या घेरापर्यंत पालापाचोळा पसरावा, खोडाला टेकवू नये. पाणी सावकाश मुरवावं. यापुढे एकही मूळ कापू नये, मग कोणी कितीही शहाणा असो. झाड अजून निम्मं जिवंत आहे.

५. इथवरचं लिहिलेलं गुरुवारी बयाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत त्या आंब्याने थांबायचं का?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"आणि मला फरशी पाहिजेच कधी होती? मातीत खुर्ची टाकून बसत होते की मी."

सबब कलम ३ मधली अट मी रद्द करतो. ते काम शनिवारी सकाळी हयातीतच सुरू केलं आहे. एक पहार माझ्याकडे, एक लहानूकडे. आज चौथा दिवस, निम्मी फरशी निघाली. पहिलं तोडलेलं मूळ उघडं पडलं तेव्हा बया वॉकर टेकत आली आणि तिने स्वतः गोणपाट भिजवून त्यावर घातलं. गुरुवारनंतर माझ्याशी मात्र बोललेली नाही.

६. माझी पहार बयाबाई हिला. मी मधेच गेलो तर उरलेली फरशी कोणाकडून फोडून घ्यायची ते ती ठरवेल.

साक्षीदार:
१) लहानू गोटीराम पवार, गवंडी. याचं मी ऐकायला हवं होतं.
२) कलाबाई शंकर थेटे, शेजारीण. यांनी माझे पेढे खाल्ले होते.

स्थळ: म्हसरूळ, आंब्याखाली
दिनांक: २९ एप्रिल २०२५

सही: धोंडीराम वाळू तिडके

सही वाकडी आली आहे. चार दिवस पहार मारून हात थरथरतो आहे. पुढे कोर्टात कोणी याला आजारपण म्हणू नये.