फ्यूज माझ्या पिशवीत आहे

सूनबाई,

मेन स्विच बंद केलाय आणि फ्यूज काढून मी सोबत नेलाय. माझा शहाणा लेक नुसतं खोलीतलं बटण बंद करून तुझ्या डोळ्यांना खुपणारा दिवा मंद करता यावा म्हणून डिमर बसवायला निघाला होता. मी टेस्टर लावायला लावला, तर वायरीत करंट होताच! चारला वायरमन येईल, तोवर तुझ्या नवऱ्याला स्टुलावर चढू देऊ नकोस. आपला बल्ब डिमरवर लुकलुकेल म्हणे, म्हणून त्यावर चालणारा आणायला दुकानात चाललेय.

काल तुझ्या डोकेदुखीला मी नखरे म्हणाले. आज सकाळी तुला डोळ्यांवर ओला रुमाल धरून भिंतीच्या आधाराने चालताना पाहिलं मी. माझं तोंड मेलं सुटतंच. पडून राहा. भांडी मी आल्यावर घासेन, पण हे शेजारणीला सांगू नकोस.