हरणाची गुलाबी टोपी

१७ मार्च, सोमवार

आज बंदुका दुरुस्त करायच्या दुकानात भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याला गुलाबी लोकरीची टोपी घातली. शिंगांमधून ओढताना स्टुलावरून पडता पडता वाचले! आमचा मालक डुगलकाका, त्याच्या टेबलाच्या बरोब्बर समोर आहे ते मुंडकं. उद्या म्हातारा काय बोंबलतो बघू.

१८ मार्च

काही बोंबलला नाही. दिवसभर समोर बसून चहा प्यायला. पोस्टवाला हसून हसून खोकला, दोन गिऱ्हाइकांनी फोटो काढले. आणि हा ढिम्म! मुद्दाम करतोय. मीही टोपी काढणार नाही.

२० मार्च

माझी कच्ची नोकरी ४ एप्रिलला संपते. तीन महिने होतात. पक्की करतील का नारळ देतील, काकाच्या तोंडावरून कळत नाही. आई म्हणते, "ब्रॉनी, पंधरा दिवस तरी माणसासारखी वाग." शाळेत मला काही आलं नाही, पण लेथवर आटे पाडायला लागले की वेळ कळत नाही. दुसरीकडे कुठं जाऊ? मेंढ्यांची लोकर काढायला? त्या लाथा मारतात.

२१ मार्च

वाडीतली हुइया मावशी आली. सोबत रायफल आणि भोपळ्याएवढा पाव. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बंदुकीचा धक्का सहन होत नाही. पाच महिने एकही गोळी झाडली नाही. आणि ईस्टरला नातीचा एकविसावा वाढदिवस, दीडशे माणसं!

"ती पोरगी पाळण्यात असतानाच मी तिला सांगितलंय, तुझ्या एकविसाव्याला हरीण मीच आणणार," म्हणाली. "दुकानातलं मटण वाढलं तर सगळी वाडी मला नावं ठेवील. डुगल, काहीतरी कर."

काका म्हणाला, "नळीला ब्रेक बसवू, धक्का कमी बसेल." मग माझ्याकडे तोंड करून, "ही बसवेल."

मी!!

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हीच ना ती, जिनं चर्चच्या घंटेला मोजे बांधले?"

"दोनच बांधले होते," मी म्हटलं.

२४ मार्च

नळीच्या तोंडावर आटे पाडले. काका शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि दर दोन मिनिटांनी, "मापाचा आकडा वाच." मी वाचते. "परत वाच." परत वाचते. मास्तरांनी पाढे म्हणून घ्यावेत तसं! पण आवडतं मला. असं बसून कुणी शिकवलं नव्हतं कधी.

सकाळी गाडीही मीच चालवते हल्ली. त्याला घरून आणायचं, संध्याकाळी सोडायचं. गुडघा दुखतो म्हणे.

२५ मार्च

टोपी अजून हरणाच्या डोक्यावर.

२७ मार्च, गुरुवार

ब्रेक बसवला!

ब्रेक म्हणजे बोटभर लांबीचं नळकांडं, दोन्ही बाजूंना भोकं. गोळीमागचा धूर त्या भोकांतून बाजूला फेकला जातो, म्हणून खांद्याला दणका कमी. भोकं बरोब्बर डावी-उजवी यायला हवीत, म्हणून वर एक खूण असते. ती नळीच्या मध्यावर आली पाहिजे. हाताने फिरवला, खुणेच्या केसभर अलीकडे अडला. काकाचं एक पालुपद आहे, "जोर लागला की थांब, काढ, पूस, परत बसव." पण मावशी सहाला रायफल न्यायला येणार होती, आणि केसभर म्हणजे किती? पान्हा लावून ओढला. करकन आवाज झाला आणि खूण आली जागेवर.

मग काकानं तपासलं. नळीतून एक सरळ सळई घालतात, ती ब्रेकच्या पुढच्या तोंडातून मधोमध बाहेर यायला हवी. कडेला टेकली तर गोळीही टेकणार. आणि गोळी टेकली तर ब्रेक फुटून कुठं जाईल सांगता येत नाही. काका खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बघत राहिला.

"झकास," म्हणाला.

झकास!! तीन महिन्यांत पहिल्यांदा.

२९ मार्च

रस्त्यात मावशी भेटली. मंगळवारी सकाळी घरामागच्या कुरणात नेम बसवायला जाणार आहे. "कान फुटतील एवढा आवाज येईल," मी म्हटलं. "मी सात पोरं वाढवलीत," म्हणाली.

१ एप्रिल, मंगळवार

सगळं लिहिते.

इथं एप्रिल फूल दुपारी बारापर्यंतच चालतं, म्हणून आठलाच काकाच्या हातात चिठ्ठी दिली. ढब्बू अक्षरात लिहिलेली: 'मी नोकरी सोडते. मला केकच्या दुकानात ठेवलंय. ब्रॉनी.' म्हटलं आता तरी उडेल!

त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला. लांब केला. जवळ आणला. मग म्हणाला, "कुरियरची पावती ना? लाव खुंटीला."

मी हसायला लागले. एकदम थांबले.

स्टुलावर चढून टोपी ओढून काढली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. "काका, ही पंधरा दिवस हरणाच्या डोक्यावर होती."

"कसली टोपी?"

"रंग कोणता?"

त्यानं हात पुढं करून लोकर चाचपली.

"आकडा वाच, आकडा वाच... तुम्ही मला शिकवत नव्हता!"

"शिकवतही होतो," म्हणाला, अगदी हळू. "मधला भाग दिसत नाही गं. कडेकडेचं दिसतं. धुक्यात कंदील पुसट दिसावा तसं"—छे, कंदिलाचं तो काही म्हणाला नाही, मीच उगाच सजवतेय. शेवटी एवढंच म्हणाला, "मधलं गेलं."

मग मला आठवलं. सळई! मधोमध आहे का ते त्यानं बघितलंच नव्हतं. कुणीच नव्हतं बघितलं. आणि मंगळवार होता!

मावशीचं घर दरीत, तिथं फोन लागत नाही. काकानं चाचपडत खुंटीवरची सळई घेतली, मी पान्हा, आणि गाडी अशी हाणली की वाटेतल्या मेंढ्या कुंपणातून उडाल्या. कुरणात मावशी पोत्यावर पालथी, कानांवर जाडजूड झाकणं, गाल दस्त्यावर. हॉर्न वाजवला तरी ऐकू जाईना. पुढं पळावं तर नळीसमोर, मागून हात लावावा तर दचकून चाप ओढेल.

हातात टोपी होती. गुंडाळून बाजूनं तिच्या नाकासमोरच्या गवतात फेकली.

मावशीनं चापावरून बोट काढलं. मान वळवली. "कुणाची गं ही घाण?"

गोळी काढून सळई घातली. ब्रेकच्या तोंडाशी ती एका कडेला चिकटली होती. साफ चिकटली! काका गुडघ्यावर बसला, जिथं ब्रेक नळीला टेकतो तिथं अंगठा फिरवला, थांबला. "एका बाजूला फट आहे." ब्रेक उघडला तर आत लोखंडाचा कीस, नखाएवढा, चपटा झालेला. तो अडला होता गुरुवारी, आणि मी पान्ह्यानं ओढला होता.

"माझी चूक," मी म्हटलं.

"तुझी अर्धी," काका म्हणाला. "बघितल्याचं सोंग कुणी केलं? अंगठा फिरवला असता तर त्याच दिवशी कळलं असतं."

मावशी दोघांकडे बघत होती. "एक आंधळा आणि एक घाईची! माझं नशीबच थोर!"

पुसलं. हाताने फिरवला, लोण्यासारखा गेला. खुणेजवळ आला, पान्ह्याची नुसती चिमूटभर ओढ, आणि बसला. सळई मधोमध. मी बघितलं, मावशीनं बघितलं, काकानं अंगठ्यानं बघितलं.

तीन गोळ्या. मावशी उठली, खांदा फिरवला. "मांजर अंग घासून गेलं," म्हणाली. आणि डोळे पुसले. धुराने म्हणे!

३ एप्रिल

मावशीला मोठा नर मिळाला! फ्रीजरचं झाकण लागत नाहीये. आम्हा दोघांना आवतण आहे. उद्या माझा शेवटचा दिवस. मी थट्टाही केली नाही. दिवसभर! आजारी पडेन अशानं.

४ एप्रिल, शुक्रवार

पाच वाजता काका म्हणाला, "खुंटीवरची ती पावती आण. वाचून दाखव." मी कागद धरला आणि वाचलं, "'ब्रॉनी आजपासून इथं पक्की. दिसण्याचं काम तिचं, अंगठ्याचं माझं.'" तो म्हणाला, "सही कुठं करू, बोट ठेव." मी बोट ठेवलं. त्यानं केली. मग पेनाला टोपण लावत म्हणाला, "हुइयानं काल मला खरी, केकच्या दुकानाची, वाचून दाखवली. तुझी बरी आहे."