विसाला एक की पन्नासाला एक

दहिवली, ऑगस्ट १९७४. बुधवार, संध्याकाळ

पूल पाण्याखाली आहे. उद्या सकाळी आमच्या शेतावरच्या पांडूच्या दिवस भरलेल्या सुनेला आमच्या होडीतून पलीकडे दवाखान्यात न्यायचं आहे, आणि आज चाचणीतच होडीचं इंजिन भर नदीत बंद पडलं. वल्ही होती म्हणून काठाला लागलो.

चूक कुणाची? पांडू म्हणत होता, "बाई, शेतावरच्या पंपासारखं पेट्रोलवर सुरू करू नि रॉकेलवर सोडू." मी झापलं. तो हसला, "इंजान हाय का नवरदेव, इतकी पत्रिका बघताय?" मग मी तेलाच्या डब्यावरचं वाचून पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल घातलं. पन्नासाला एक! ते नव्या इंजिनांचं माप. आमचं पंचवीस वर्षांचं, त्याला तेल कमी पडलं आणि ते तापून अडकलं. ह्यांच्या वहीत स्वच्छ लिहिलंय, विसाला एक. वही कपाटातच होती. का नाही उघडली? वाचता येतं याचा माज, दुसरं काय.

आत्ता विसाला एक मिसळून काठाशी अर्धा तास चालवलं. धूर फार, पण थांबलं नाही. आतून घासलं गेलं असेल तर?

चूक माझी होती, असं पांडूला सांगितलं. त्याने वल्ही उचलून होडीत ठेवली. मग म्हणाला, "मंग उद्या तुमी बी बसा होडीत."

बसणार आहे.