माझा मेंदू बारा तासांच्या आत काढावा

मी, सेरवा बोआकिये, वय त्रेसष्ट, राहणार बेक्वाई, घाना, कुमासीच्या प्रयोगशाळेत रोग्यांच्या गाठींचे काप करून काचेवर चढवण्याची नोकरी एकतीस वर्षे केलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पुरत्या वैतागात लिहीत आहे. डोक्यात गाठ असलेल्या बाईची कसली शुद्ध, असे कुणी म्हणू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या गाठीची काच मी स्वतः भिंगाखाली पाहिली. पेशींची नुसती बजबजपुरी.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि शिल्लक माझी भाची मान्सा हिला द्यावी. दफनाच्या वेळी बँड आणि माझ्या फोटोचे फलक यांवर काही उधळल्यास माझा तळतळाट लागेल.

२. काप उचलण्याचे माझे बारीक कुंचले प्रयोगशाळेतल्या सेलोर्मला द्यावेत. तिथल्या साहेबांना देऊ नयेत. नाताळात लाइट गेली तेव्हा त्यांनी जनरेटर शीतपेयांच्या फ्रीजला जोडला आणि आमच्या गोठवलेल्या गाठी नासल्या. वर म्हणाले, "सेरवाबाई, मेलेलंच मांस ते, त्यात काय एवढं?" तो वास अजून नाकातून जात नाही.

३. माझा मेंदू संशोधनासाठी द्यावा, आणि तो बारा तासांच्या आत काढावा. गाठीचा एक तुकडा ताबडतोब गोठवावा. बाकीचा मेंदू फॉर्मालिनच्या बादलीत, बुडाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून उलटा टांगावा. तळाला टेकला तर चपटा होतो; हे शिकलेल्या डॉक्टरांनाही सांगावे लागते. आमच्यात प्रेत नवऱ्याचे नसते, मुलांचेही नसते. ते आईच्या कुळाचे. कुळाची बैठक भरून दफनाचा दिवस ठरेपर्यंत ते महिना-दोन महिने शवागारात पडून राहते. तोवर मेंदूची पेज झालेली असते.

४. आता माझी धाकटी बहीण टिवा, मान्साची आई. चौतिसाव्या वर्षी तिचे डोके दुखू लागले, उलट्या आणि झटके सुरू झाले. आमचा थोरला भाऊ क्वाबेना याने तिला प्रार्थनेच्या छावणीत नेले. अंगातले भूत उपासाने निघते म्हणून तिथे तिला उपाशी ठेवले. परत आले ते प्रेत. डॉक्टरांना गाठीचा संशय होता, त्यांनी कवटी उघडू का म्हणून विचारले. कुळाने नकार दिला. आणि शेकडो परक्यांचे मेंदू हाताळलेली मी काय म्हणाले? "डॉक्टर, मलेरिया लिहा. डोक्याचं कळलं तर उद्या पोरीला कोण करून घेईल?" त्यांनी लिहिले. पुढे परदेशी संशोधक आले, मृत्यूंची नोंदवही चाळून म्हणाले, या भागात हा आजार फार कमी दिसतो. मी त्यांच्या कपांत चहा ओतत होते. तेव्हा स्वतःचीच जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

माझे निदान झाल्यावर मान्साने विचारले, "मावशी, आईलाही हेच होतं का? मलाही होईल?" बहुतेक गाठी घराण्यातून येत नाहीत, क्वचित येतात. पण ताडून पाहायला टिवाचा तुकडाच नाही. माझा तरी तिच्यासाठी राहू दे.

५. माझा भाऊ आणि कुळप्रमुख क्वाबेना डार्टे याला मी काहीही ठेवत नाही. काल तो आला होता.

"सेरवा, बिनमेंदूची पूर्वजांपुढे उभी राहणार तू?"

"दादा, टिवाला मेंदूसकट पाठवलीस ना? झालं का काही भलं तिचं?"

त्याने मृत्युपत्राचा मसुदा उचलून चाळला. मग म्हणाला, "मला काय ठेवलंयस?"

"काही नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही. मला तुझी सही हवी आहे. तिच्याशिवाय शवागारवाला माझ्या प्रेताला हात लावू देणार नाही."

"विचार करतो," म्हणाला आणि कपाळ चोळत निघून गेला. मला त्याचा अजून राग आहे, हेही इथे नोंदवते.

लिहून देणार: सेरवा बोआकिये (सही)

साक्षीदार: ग्लॅडिस आमोआह, परिचारिका (सही)

साक्षीदार: क्वाबेना डार्टे, कुळप्रमुख (सही). सहीखाली त्यांच्या हस्ताक्षरात: "बारा तास मान्य. शवागारात मी स्वतः उभा राहीन. माझंही डोकं दोन महिन्यांपासून दुखतंय. मान्साला सांगू नये."

स्थळ बेक्वाई, दिनांक १४ मार्च २०१९.