अमुकशर्मांची नोंद

६ सप्टेंबर १९९९, सोमवार

बंगळूर शहराविरुद्ध माझी पहिली तक्रार येथे विधिपूर्वक नोंदवून ठेवतो. तक्रार कॉफीची आहे. इथल्या हॉटेलांत ‘बाय टू’ नावाची व्यवस्था आहे. दोघांनी मिळून एक कॉफी मागवायची, वेटर तिचे दोन अर्धे पेले करून आणतो. मला अर्धीच कॉफी सोसते. पण अर्धी हवी तर माणसं दोन लागतात. ऑफिसखालच्या हॉटेलातल्या कल्लाप्पांना मी माझ्या पुणेरी हिंदीत विनवलं, की दुसरा माणूस आहे असं धरून चाला. ते म्हणाले, आधी माणूस आणा, मग अर्धी देतो. विधुर असल्याबद्दल इतकी रोकडी शिक्षा मला चोपन्न वर्षांत कुणी केली नव्हती.

बाकी आगमन झकास. ऑफिस बसवनगुडीत, एका बुकबाइंडरच्या वर दोन खोल्यांत. बिऱ्हाड बनशंकरीला, सावित्रीबाईंच्या माडीवर. त्यांचं घराणं सहा पिढ्या इथलं. मराठीत कन्नड असं मिसळलंय की चाळणीने वेगळं होणार नाही. अण्णा, नळ स्वल्प जपून सोडा, आणि जेवायला सरी, म्हणजे बरोब्बर, साडेआठला खाली या, उशीर केलात तर गार मिळेल, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं. वर एक लाडूही दिला. माणसं चांगली आहेत.

ही वही शुभंकरने स्टेशनवर दिली. तिथे बोलायला कुणी नसेल तर हिच्याशी बोला, म्हणाला. पहिल्या पानावर ‘बाबांस’ आणि खाली त्याची सही. कस्तुरी गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना उरलो. तो पुण्यात इंजिनियरिंगच्या होस्टेलवर, आणि मी अठ्ठावीस वर्षं पोथ्यांची प्रुफं तपासल्यावर, छापखाना बंद पडल्यामुळे, इथे.

कंपनीचं काम ऐकून छापखान्यातले लोक हसले होते. इथल्या जुन्या मराठी घराण्यांना त्यांच्या पितरांच्या तिथी इंटरनेटवरून कळवायच्या. मालक रविकुमार यांना कॉम्प्युटर कळतो, तिथी कळत नाही. माझं उलट. म्हणून जमलं.

९ सप्टेंबर, गुरुवार

आज माझ्या हातून पहिली प्रतिष्ठापना झाली. देवाची नव्हे, प्रोग्रॅमची.

विद्याश्री इथली इंजिनियर. वयाने माझ्या मुलीसारखी, शिकवण्यात माझ्या हेडमास्तरांसारखी. तिने समजावलं ते असं. आमचा सर्व्हर म्हणजे एक घर. त्याचा दिवाणखाना म्हणजे रूट. आत एकेका घराण्याला एकेक खोली, तिला सब-डिरेक्टरी म्हणायचं. अशा सतरा खोल्या भरल्या आहेत. विनोदकुमार म्हणून कुणी होते, ते आता अमेरिकेला गेले. त्यांनी एक सांगाडा लिहून ठेवला आहे. नवं घराणं आलं की त्या सांगाड्याची प्रत त्यांच्या खोलीत मांडायची. (सांगाडा हा शब्द माझा. श्राद्धाच्या कामात तो नको, असं विद्याश्रीचं मत पडलं.) पथ्य एकच. सांगाडा लिहिला तेव्हा घरात दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे सगळं घर आपलं अशी त्याची समजूत. म्हणून मांडताना एका ओळीत त्याला बजावायचं, की तू अमुक खोलीतला. ती ओळ रिकामी राहिली तर तो आपली वळकटी थेट दिवाणखान्यात पसरतो. मी म्हटलं, माझे एक मावसभाऊ नेमके असेच आहेत. ती हसली नाही.

मांडून झालं की एक खोटी नोंद भरून पाहायची. मृताचं नाव काय घालावं? जिवंताचं घालणं अभद्र, मेलेल्याचं घालणं आगाऊपणा. आमच्या पोथ्यांत नावाच्या जागी ‘अमुकगोत्र, अमुकशर्मा’ असं छापतात. ज्याचं त्याने आपलं नाव घ्यावं. तेव्हा नाव घातलं अमुकशर्मा. गोत्र माहीत नाही, म्हणून शास्त्राप्रमाणे काश्यप. तिथीची चौकट रिकामी सोडली, तर यंत्राने आपण होऊन सर्वपित्री अमावास्या घातली, ९ ऑक्टोबर. तिथी अज्ञात तर अमावास्या, हे मीच त्यांना सोमवारी शिकवलं होतं. शिष्य तल्लख आहे. श्राद्ध करणाऱ्याचा ई-मेल हवा होता. मला एकच पाठ आहे, शुभंकरचा. नातं विचारलं, तिथे यादीत पहिलं ‘वडील’ होतं, तेच राहू दिलं.

१४ सप्टेंबर, मंगळवार

ती ओळ मी रिकामी ठेवली होती.

अमुकशर्मा दिवाणखान्यात जाऊन बसले आणि तिथून सतराही घराण्यांच्या यादीत उतरले. जयनगरच्या राजलक्ष्मीबाईंचा फोन आला, की आमच्या सासऱ्यांच्या वर हा कोण बसलाय, याला आधी उठवा. रविकुमार तापले. पंडितजी, आपसे एक लाइन नहीं होती, असं चार माणसांत म्हणाले. विद्याश्रीने नोंद पुसली.

शुभंकरचा फोन. त्याला आमच्याकडून स्मरणपत्र गेलंय: आपल्या वडिलांचं श्राद्ध ९ ऑक्टोबरला. हसून हसून बेजार. बाबा, पानात काय काय वाढू, खीर चालेल ना, म्हणाला. मी त्याला शास्त्र ऐकवलं. ज्याचा बाप जिवंत आहे त्याला बापाच्या श्राद्धाचा अधिकारच नाही. तेव्हा खिरीची घाई करू नकोस, थोडा दम धर. फार दिवसांनी दोघं पोटभर हसलो.

२२ सप्टेंबर, बुधवार

तीनदा पुसली, तीनदा परत आली. सतरा घराण्यांतून रोज फोन. विद्याश्रीने विनोदकुमारांना विचारलं; अमेरिकेहून दोन ओळींचं उत्तर आलं, की रूटमध्ये शिरलेली नोंद पुसून जात नाही, तिला एक खोली द्या, म्हणजे ती तिथे जाऊन राहील. खोली कुणाची, तर नोंदीत श्राद्धकर्ता ज्या घराण्यातला आहे त्यांची. म्हणजे माझी. रविकुमार म्हणाले, घाण तुमची, तुमच्याच घरात ठेवा.

मी हरकत घेतली नाही. एका बिनघराच्या माणसाला अंग टाकायला जागा दिली, यात बिघडलं काय? माझ्या आडनावाची अठरावी खोली केली. ती ओळ यावेळी दोनदा वाचून भरली. अमुकशर्मा सतरा याद्यांतून गेले. सगळ्यांना हायसं वाटलं.

दुपारी हॉटेलात गेलो तर कल्लाप्पांनी न मागता बाय टू आणली. एक पेला माझ्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. आज माणूस आणलात, म्हणाले. मी याला विनोद समजलो.

२७ सप्टेंबर, सोमवार

कालपासून पितृपक्ष लागला.

सकाळी अठरावी खोली उघडून पाहिली. अमुकशर्मांचं गोत्र काश्यप नाही. कौंडिण्य झालंय. कौंडिण्य माझं. विद्याश्री म्हणते, तिने हात लावला नाही.

शुभंकरला दुसरं स्मरणपत्र गेलं. यावेळी त्याचा फोन आला नाही. ई-मेल आली, एका ओळीची: तारीख कळली. मी उलट लिहिलं, अरे ती थट्टा होती. 

कल्लाप्पांनी आज दोन्ही पेले समोर ठेवले. म्हणजे त्या खुर्चीपुढे. माझ्या बाजूचं टेबल फडक्याने पुसून घेतलं, माझे हात टेबलावर असताना.

३० सप्टेंबर, गुरुवार

नोंद स्वतः पुसायची ठरवलं. संगणकाने मला आत घेतलं नाही. या घराण्यात या नावाचं कुणी नाही, असं सांगतो. माझ्याच आडनावाच्या खोलीत! विद्याश्रीला म्हटलं, बघ जरा. ती माझ्याकडे बघून रविकुमारांना विचारत होती, की हे कुणाकडे आलेत. रविकुमार म्हणाले, जिना उतरून डावीकडे बुकबाइंडर आहे, चौकशी तिकडे करा. आवाज चढलेला. मी म्हटलं, रविकुमार, मी. त्यांनी दार लावलं. धाडकन.

किल्ली अजून माझ्या खिशात आहे.

२ ऑक्टोबर, शनिवार

एसटीडी बूथवरून होस्टेलला फोन केला. शुभंकर आला. मी म्हटलं, अरे मी. तो म्हणाला, आपण कोण? मी म्हटलं, बाबा बोलतोय.  मग म्हणाला, कृपा करून अशी थट्टा करू नका, माझे दिवस कसे चाललेत ते मला ठाऊक. आणि मग, अगदी सभ्यपणे, आपण बाबांचे मित्र का?

मला तो कधी आपण म्हणाला नव्हता.

हो म्हणून फोन ठेवला. 

५ ऑक्टोबर, मंगळवार

सावित्रीबाई एका बाईंना खोली दाखवायला आल्या. मी कॉटवर बसलेलो. हवा येते, नळ स्वल्प जपून, आधीचे अण्णा चांगले होते हो, पाप, बिचारे, असं सांगत होत्या. माझी ट्रंक त्यांनी बोळात भंगार घेणाऱ्या यल्लव्वाला देऊन टाकली. तिच्यात माझे सगळे कागद. मी ओरडलो. त्यांनी खिडकी लावून घेतली, वारा फार म्हणून.

आज खाली माझं पान नव्हतं. गच्चीत होतं. केळीच्या पानावर भात, वडे, खीर. आणि पाट दक्षिणेकडे तोंड करून.

भूक लागली होती. बसलो नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर किल्लीने आत गेलो. विद्याश्रीचा संगणक चालू. शुभंकरचं पत्र उघडं होतं.

आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे. गुरुजी ठरले. अमावास्येला दुपारी बारा वाजता. एकच अडचण. संकल्पात बाबांचं नाव घ्यावं लागतं. ते मला कितीही केलं तरी आठवत नाही. आपल्या नोंदीत अमुकशर्मा आहे, तेच घेऊ का? नाव वेगळं असेल तर कळवा. न कळल्यास तेच घेईन. — शुभंकर

तीनदा वाचलं.

जिवंत बापाचं श्राद्ध होत नाही. शास्त्र चुकत नाही. म्हणून विधी नीट व्हावा यासाठी — जे चुकत होतं ते दुरुस्त होतंय. मी दुरुस्त होतोय.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

त्याला नाव कळवायचं. माझं. मग श्राद्ध माझं होईल — होऊ दे. पण बाप मीच राहीन. नाही कळवलं तर तो त्याला —

दिवसभर ऑफिसात माणसं. उद्या सुट्टी. उद्या कुणी नसेल.

समोरची खुर्ची आता हॉटेलातच असते असं नाही.

९ ऑक्टोबर, सर्वपित्री

अकरा वाजून पंधरा. ऑफिस रिकामं. विद्याश्रीचा संगणक लावला. तिच्या नावाने आत घेतो. अठरावी खोली उघडली. नावाची चौकट. अमुकशर्मा पुसलं. पुसलं गेलं! चौकट रिकामी. इथे नाव घालायचं आणि शुभंकरला —

नाव.

आडनाव खोलीवर असायला हवं होतं. तिथेही आता नुसतं अठरा.

वही मागे चाळली. पहिल्या तारखेपासून. पंडितजी आहे, अण्णा आहे, बाबा आहे. नाव नाही. रोजनिशीत स्वतःचं नाव कोण लिहितो? पहिलं पान — ‘बाबांस’. कागद ट्रंकेत. ट्रंक —

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोथीत ती रिकामी जागा तपासली —

साडेअकरा. चौकट अजून रिकामी. समोरची खुर्ची कुणीतरी ओढून घेतल्यासारखी जवळ आली आहे.

सरळ लिहितो. मला मरणाचं भय नाही. कस्तुरी गेली तेव्हाच ते गेलं. मला भय याचं आहे, की माझा मुलगा दुसऱ्या कुणाला तरी बाबा म्हणेल, त्याला जेवू घालील, त्याच्यासाठी रडेल, आणि त्याला कधीच कळणार नाही. एवढंच.

बारा वाजले.

त्याचा आवाज. इथे, या खोलीत, शुभंकरचा — बाबा, या, म्हणाला —

मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर समोरच्या खुर्चीतून माझ्या आधी —